झोन दाखला बघून प्लॉट घेतला, आता पालिका म्हणते आरक्षण आहे. चुकीच्या दाखल्याची जबाबदारी कोणाची?

सातपुड्याची_लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण चार महिने झाले घरात कोणाला धड झोप नाही. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर फंड-ग्रॅच्युइटीचे जे आले त्यातून तालुक्याच्या गावी प्लॉट घ्यायचं ठरलं (जळगाव जिल्हा, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही). जुना एनए ले-आउट, २०० चौरस मीटर, पूर्वमुखी, आजूबाजूला पाच-सहा घरं झालेली. बाबा पहिल्यापासून काटेकोर, टायर-ब्रेक स्वतः बघितल्याशिवाय गाडी कधी डेपोबाहेर काढली नाही. म्हणाले इसार नंतर, आधी पालिकेत विचारून येतो.

नगररचनेच्या टेबलावर गेले तर तिथल्या माणसाने नकाशा पसरला, बोट ठेवलं आणि म्हणाला "पिवळ्यात आहे काका, रहिवास आहे, बिनधास्त घ्या". बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. रीतसर अर्ज केला, फी भरली, आठ-दहा दिवसांनी झोन दाखला हातात आला. ऑगस्ट २०२३. त्यात गट नंबर, "मंजूर विकास योजनेनुसार रहिवास विभागात समाविष्ट", आणि आरक्षणाच्या रकान्यात स्वच्छ "निरंक". सही, गोल शिक्का, जावक नंबर सगळं आहे. त्या कागदाच्या भरवशावर नोव्हेंबर २०२३ मध्ये खरेदीखत झालं, साडेचौदा लाख आणि वर स्टॅम्प ड्युटी वेगळी.

यंदा बांधकाम परवानगीचा अर्ज टाकला आणि १८ जुलै २०२५ च्या पत्राने नकार आला. कारण काय, तर सदर भूखंड "प्राथमिक शाळा व क्रीडांगण" या आरक्षणाने बाधित आहे. आराखडा २०११ ला मंजूर झालेला! म्हणजे दाखला दिला तेव्हा आरक्षण बारा वर्षं जुनं होतं आणि त्याच ऑफिसच्या त्याच नकाशावर होतं.

दाखला घेऊन गेलो तर साहेब म्हणतात हा फक्त माहितीसाठी असतो, खाली लिहिलंय बघा. खरंच खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. ज्याने दाखला बनवला त्याची बदली झालीय. विकणारा सुरतला असतो, म्हणतो मलाच माहिती नव्हतं.

माझा प्रश्न सरळ आहे. आम्ही विचारलं, फी भरली, त्यांनी सही-शिक्क्यानिशी चुकीचं सांगितलं. मग पालिका जबाबदार नाही का?

खापरावरचे_मांडे

ताई वाचून जीव तुटला. माझं स्पष्ट मत आहे, ज्याने सही केली त्याच्या पगारातून वसूल झालं पाहिजे. आणि हे मी रागात बोलत नाहीये, सुप्रीम कोर्टाने म्हटलेलं आहे. लखनौ डेव्हलपमेंट ऑथॉरिटी विरुद्ध एम. के. गुप्ता, १९९३ चा निकाल. सरकारी प्राधिकरणाच्या मनमानीमुळे सामान्य माणसाला त्रास झाला तर भरपाई द्यायची आणि ती नंतर जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करायची, कारण शेवटी तो पैसा लोकांच्या करातून जातो. ग्राहक आयोगात टाका केस.

पांझरेकाठी

ताई तुमच्याकडे निदान कागद तरी आहे. आमचं ऐका. धुळे तालुक्यात आमच्या गावाला लागून मोठ्या भावाने घर बांधलं, बांधायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं तर तिथे सांगितलं गावठाणालगतच आहे, बांधा, काही नही व्हस. भाऊ तेवढ्या शब्दावर उभा राहिला. स्लॅब पडला, नमुना ८ ला नोंद झाली, घरपट्टी सुरू झाली आणि दोन वर्षांनी तहसीलची नोटीस, अनधिकृत बिनशेती वापर, दंड भरा. ग्रामपंचायतीत गेलो तर कोणीच कबूल होईना की आम्ही असं सांगितलं होतं. घरपट्टीची पावती दाखवली तर म्हणे घरपट्टी घेतली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं नसतं. आणि ते खरंच आहे हे नंतर कळलं, कर हा वापरावर लागतो, परवानगीशी त्याचा संबंध नाही. दंड भरला, नियमित करून घेतलं, विषय संपला. भावाने त्यानंतर ग्रामपंचायतीची पायरी चढणं सोडलं.

कोर्टाची_पायरी

मी दिवाणी प्रॅक्टिस करतो, शिरपूर-धुळे बाजूला. ताई, बाकी सगळं नंतर, आधी तारीख बघा. नकाराचं पत्र १८ जुलैचं. आज २० नोव्हेंबर. चार महिने गेले.

नगरपरिषदांचा जो १९६५ चा कायदा आहे त्याच्या कलम ३०४ प्रमाणे पालिकेवर दावा लावायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. जळगाव किंवा धुळ्यासारखी महापालिका असती तर १९४९ च्या अधिनियमाचं कलम ४८७, तिथेही हेच, महिना आणि सहा महिने. तहसीलदार-कलेक्टर म्हणजे सरकार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८०, दोन महिन्यांची नोटीस. लोक वर्ष-दीड वर्ष अर्ज-विनंत्या करत हेलपाटे घालतात, साहेब बघू म्हणतात, आणि मग आमच्याकडे येतात तेव्हा मुदत गेलेली असते. मला हे बघून फार वाईट वाटतं, कारण बाजू खरी असते आणि दारातच केस पडते. तुमची मुदत १८ जानेवारी २०२६ धरून चाला. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळून मिळतो असा युक्तिवाद करता येतो पण त्याच्या भरवशावर राहू नका. नोटीस या आठवड्यात गेली पाहिजे. समोरचा तर असंही म्हणेल की कारण खरेदीच्या दिवशीच घडलं, म्हणजे नोव्हेंबर २०२३ ला. त्याला उत्तर आपलं असं की चूक आम्हाला कळली ती नकाराच्या पत्राने, त्याआधी कळायचा मार्गच तुम्ही दाखला देऊन बंद केला होता.

आता मूळ प्रश्न. दोन गोष्टी वेगळ्या करा. एक, चुकीच्या दाखल्यामुळे आरक्षण उठतं का? नाही. कायद्याच्या विरुद्ध वचनबंधन (दिलेल्या शब्दाला बांधून धरणं) चालत नाही, लिपिकाने चुकीचं लिहिलं म्हणून मंजूर आराखडा बदलत नाही. त्या दाखल्याच्या जोरावर बांधकाम परवानगी मागून उपयोग नाही. दोन, त्या चुकीने झालेलं पैशाचं नुकसान मागता येतं का? मागता येतं, पण वाट सोपी नाही. इमारत अंगावर पडली, उघड्या गटारात माणूस पडला, तिथे कोर्ट पटकन पालिकेला धरतं. दिल्लीत चांदनी चौकातलं घड्याळाचं टॉवर कोसळून माणसं गेली होती, १९६६ मध्ये सुप्रीम कोर्टाने महापालिकेला जबाबदार धरलं. पण नुसत्या शब्दामुळे, कागदामुळे झालेलं आर्थिक नुकसान हा प्रकार आपल्याकडे कायद्यात कुठे कलम म्हणून लिहिलेला नाही, निकालांवर चालतो.

आणि सगळ्यात मोठी अडचण आत्ताच सांगतो. नगररचना कायद्यात, म्हणजे एमआरटीपी १९६६ मध्ये, सद्हेतूने केलेल्या कामाला संरक्षण आहे. आणि जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये सद्हेतूची व्याख्या अशी आहे की काम प्रामाणिकपणे केलेलं असलं की पुरे, मग ते निष्काळजीपणे केलेलं का असेना. पालिकेचा वकील पहिल्या दिवशी हे काढेल.

मांडे भाऊ, लखनौचा निकाल मोठाच आहे पण तो घरं-प्लॉट वाटणाऱ्या प्राधिकरणाच्या सेवेबद्दल आणि अधिकाराच्या दुरुपयोगाबद्दल आहे. झोन दाखला हे वैधानिक काम, तिथे ग्राहक आयोग अधिकारक्षेत्रावरच अडकू शकतो. आणि प्रामाणिक चूक असेल तर खिशातून वसुली होणं अवघड.

खापरावरचे_मांडे

वकीलसाहेब मग हे संरक्षण कशासाठी? प्रामाणिकपणे चुकलो म्हणायचं आणि सुटायचं? डॉक्टर प्रामाणिकपणे चुकला तरी भरपाई देतो ना, मग हे का नाही?

केळीबाग_रावेर

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. पालिकेने १५ लाख दिले तर ते कोणाचे? आपल्याच घरपट्टी-पाणीपट्टीचे. आमच्या इकडच्या पालिकांना उन्हाळ्यात टँकरचं बिल द्यायला पैसे नसतात. प्रत्येक चुकीच्या दाखल्याला भरपाई द्यायला लागली तर उद्या कोणी लिपिक दाखल्यावर सहीच करणार नाही, मग दाखला मिळायला सहा महिने लागतील. ताईंचं नुकसान झालं हे शंभर टक्के खरं, पण पैसे विकणाऱ्याकडून का नाही घ्यायचे? पैसे त्याच्या खिशात गेलेत.

सातपुड्याची_लेक

केळीबाग दादा, तुमचं चूक नाही, पण विकणाऱ्याला आम्ही विचारलंच नव्हतं की आरक्षण आहे का. आम्ही पालिकेला विचारलं. नकाशा त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही. बाबांनी अजून काय करायला हवं होतं हे मला कोणी सांगा. बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्टही क्लिअर होता.

कोर्टाची_पायरी

सर्च रिपोर्ट टायटलचा असतो ताई, झोनचा नसतो, हे लोकांना कोणी सांगत नाही. मालक कोण, बोजा आहे का, जुने व्यवहार नीट आहेत का, एवढंच त्यात बघतात. सब-रजिस्ट्रारही दस्त नोंदवतो, आराखडा बघत नाही. म्हणजे साखळीत आरक्षण बघणारा एकच, तो म्हणजे झोन दाखला देणारा. हा मुद्दा नोटिशीत ठळक घाला.

विकणाऱ्याबद्दल, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे त्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न कळणारा दोष त्याने सांगायला हवा. त्याला माहीत होतं हे सिद्ध करावं लागेल. त्याने आधी कधी परवानगी मागितली होती का, त्याला नकार मिळाला होता का, हे माहिती अधिकारात काढा. निघालं तर त्याच्यावर भक्कम केस आहे.

भुसावळ_ते_सिडनी

मी मूळ भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, आता सिडनीत घर घेण्याच्या कागदपत्रांचं काम करतो. हा प्रश्न इथे सुप्रसिद्ध आहे आणि निकाल थेट तुमच्या केससारखा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

सिडनीच्या पश्चिमेला पॅरामॅटा म्हणून भाग आहे. शॅडॉक नावाच्या कंपनीला तिथे जागा घ्यायची होती. त्यांच्या वकिलाने कौन्सिलला फोन करून विचारलं, या जागेवर रस्तारुंदीचा काही प्रस्ताव आहे का. फोनवर कोणीतरी नाही म्हणाला. मग रीतसर फी भरून लेखी दाखला मागितला. दाखला आला, त्यात रस्तारुंदीचा उल्लेखच नव्हता, आणि कौन्सिलची पद्धत अशी होती की असा प्रस्ताव असला तर ते दाखल्यावर नोंदवून देत. कंपनीने जागा घेतली. नंतर निघालं की प्रस्ताव आधीपासून होता आणि जागेचा मोठा भाग रस्त्यात जाणार होता. केस ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टापर्यंत गेली, ते इथलं सर्वोच्च न्यायालय. १९८१ ला निकाल लागला. कोर्टाने फोन आणि कागद वेगळे केले. फोनवर कोण बोललं माहीत नाही, त्याच्यावर जबाबदारी टाकता येणार नाही. पण लेखी दाखला? ज्याच्याकडेच माहिती आहे असं सरकारी ऑफिस, महत्त्वाच्या व्यवहारासाठी लोक त्यावर विसंबतात हे त्याला माहीत आहे, तर ती माहिती देताना काळजी घेणं त्याचं कर्तव्य आहे. कौन्सिलला भरपाई द्यावी लागली.

याचं मूळ इंग्लंडच्या हेडली बर्न या १९६३ च्या निकालात आहे. इंग्लंडमध्येच १९७० ला जमिनीच्या बोजाचं रजिस्टर बघणाऱ्या लिपिकाने एक नोंद गाळून दाखला दिला, तिथेही त्या चुकीची भरपाई द्यावी लागली. न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये चुकीच्या जमीन-माहितीपत्रासाठी कौन्सिलला जबाबदार धरलं, आणि तिथे विकणाराही जबाबदार होता, दोघंही. केळीबाग दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात थोडं आहे.

आणि सही करायला कोणी धजणार नाही म्हणता, तर इथे उलट झालंय. आज न्यू साउथ वेल्समध्ये जमीन विकताना कौन्सिलचं नियोजन प्रमाणपत्र विक्रीच्या कराराला जोडावंच लागतं. ते रोज भराभर निघतात, कारण नकाशे आणि नोंदी त्यांनी नीट करून ठेवल्यात. चुकीची किंमत मोजावी लागते म्हणून दप्तर सुधारलं.

कोर्टाची_पायरी

सिडनीकर दादा, फार उपयोगाचं लिहिलंत. परदेशी निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नसतात पण नुकसानभरपाईच्या कायद्यात आपली कोर्टं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे निकाल आवर्जून वाचतात. सोबत नागेंद्र राव विरुद्ध आंध्र प्रदेश हा १९९४ चा निकाल जोडायचा, त्यात जप्त केलेला माल अधिकाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे खराब झाला आणि राज्याला भरपाई द्यावी लागली, सार्वभौम काम म्हणून हात झटकता आले नाहीत. आणि भरपाई मिळालीच तर किती, तेही सांगतो म्हणजे अपेक्षा नीट राहतील. दिलेली किंमत आणि आरक्षण असताना त्या दिवशी प्लॉटची जी खरी किंमत असती ती, यातला फरक. शिवाय दस्ताचा खर्च, व्याज. आजच्या भावाने प्लॉट किंवा घर मिळत नाही.

नाना_तापीकाठ

मी पालिकेतून रिटायर झालोय, नोकरीतली अकरा वर्षं नगररचनेच्या टेबलावर होतो. कोणती पालिका ते सोडा. दोन दिवस विचार करत होतो लिहू की नको. लिहितो.

लेकी, चूक कशी होते ते सांगतो. विकास योजनेच्या नकाशावर बऱ्याच ठिकाणी जुने सर्व्हे नंबर असतात. सातबाऱ्यावर येतो गट नंबर, कारण एकत्रीकरण योजनेत सगळे नंबर बदलले. मग पोटहिस्से पडतात, कमी-जास्त पत्रक होतं, ले-आउट पडतो, प्लॉट नंबर येतात. टेबलावरच्या माणसाने जुना सर्व्हे आणि नवा गट यांचा तक्ता बघून मग नकाशावर जागा शोधायची असते. तो तक्ता बहुतेक ठिकाणी हाताने लिहिलेला, कोपरे फाटलेला. २४१ चा २१४ व्हायला वेळ लागत नाही. आणि मूळ रंगीत शीट कपाटात कुलपात असते, टेबलावर असते तिची झेरॉक्स, घडीवर विरलेली, तिच्यावर आरक्षणाची सीमारेषा आणि रस्त्याची रेघ सारखीच दिसते. प्लॉट जर घडीवर आला तर देवच वाली. वर एकाच माणसाकडे नगररचना, जन्म-मृत्यू आणि निवडणुकीचं काम. मी सबब सांगत नाही, कसं घडतं ते सांगतोय.

मी स्वतः एकदा चुकीचा दाखला दिला होता. १९९८ ची गोष्ट. संध्याकाळी टेबल आवरताना दुसऱ्या फाइलचा नकाशा उघडला आणि लक्षात आलं की सकाळी ज्याला "निरंक" लिहून दिलं तो गट बाजाराच्या आरक्षणात आहे. माणूस शेजारच्या खेड्यातला, दुसऱ्या दिवशी त्याचा इसार होता. रात्री सायकलने सात किलोमीटर गेलो, त्याच्या ओट्यावर बसून दाखला परत मागितला, दुरुस्त करून देतो म्हणालो. त्याच्या बायकोने चहा दिला. तो कप हातात धरवत नव्हता इतके हात थरथरत होते. त्या माणसाचा व्यवहार मोडला पण पैसे वाचले. तेव्हापासून मी मूळ शीट कपाटातून काढल्याशिवाय दाखल्यावर हात ठेवला नाही. सात दिवसांचं काम दहा दिवसांवर गेलं तरी चालेल, ओरडा खाल्ला.

म्हणून माझं मत ऐका. खालची ती बारीक ओळ, "केवळ माहितीसाठी", ती सगळ्या दाखल्यांवर असते. पण माहितीसाठी म्हणून दिलेली माहिती खरी असावी एवढी तर अपेक्षा धरायची की नाही? फी कशाची घेतो मग आपण?

आता काम सांगतो. माहिती अधिकारात नुसत्या नकला मागू नको, अभिलेख पाहणी माग. २००५ च्या कायद्यात तो हक्क आहे, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. तुझ्या दाखल्याची फाइल, त्यावरची टिपणी, जोडलेला भाग नकाशा आणि जावक रजिस्टर हे चार डोळ्यांनी बघ. टिपणीवर कोणता गट लिहिलाय ते बघ. चूक तिथे सापडेल. आणि त्या आरक्षणात अजून कोणाकोणाचे प्लॉट आहेत तेही बघ.

पांझरेकाठी

नाना, तुमच्यासारखी माणसं प्रत्येक टेबलावर असती तर हा धागाच निघाला नसता.

खापरावरचे_मांडे

नाना पाया पडतो. अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करा हे मी मागे घेत नाही, पण तक्ता फाटका ठेवणाऱ्या वरच्या साहेबाकडून करा असं म्हणेन आता.

कोर्टाची_पायरी

नानांनी जे सांगितलं ते सोन्यासारखं आहे. सद्हेतूच्या संरक्षणाला उत्तर तिथूनच निघेल. संरक्षण चूक करणाऱ्या माणसाला आहे, पण मूळ शीट न बघता दाखले देण्याची पद्धतच असेल तर ती संस्थेची चूक, असं मांडता येतं.

आणि मला एक गोष्ट आधी सुचायला हवी होती. ताई, आराखडा २०११ ला अंमलात आला ना? मग एमआरटीपीचं कलम १२७ बघा. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादन केली नाही, तर मालक किंवा हितसंबंध असलेली व्यक्ती पालिकेला खरेदी सूचना देऊ शकते. मालकीची कागदपत्रं जोडून द्यायची. त्यानंतर चोवीस महिन्यांत पालिकेने जागा संपादन केली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुम्हाला चालतो. पूर्वी सूचनेनंतरचा काळ सहा महिने होता, मग बारा झाला, २०१५ पासून चोवीस आहे. पालिकेने घ्यायचंच ठरवलं तर कलम १२६ प्रमाणे पैसे, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा भूसंपादन, फुकट घेता येत नाही. सुप्रीम कोर्टाने १६ मे २०२४ ला कोलकाता महापालिका विरुद्ध बिमल कुमार शाह या निकालात राज्यघटनेच्या कलम ३०० अ (मालमत्तेचा हक्क) बद्दल सांगितलंय की मालमत्ता घेताना नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, योग्य मोबदला हे सगळं नागरिकाचा हक्क आहे.

दोन्ही वाटा एकत्र चालवा. दाव्याची नोटीस कलम ३०४ खाली वेगळी, खरेदी सूचना कलम १२७ खाली वेगळी. एकाच पत्रात दोन्ही मिसळू नका, मी अशी मिसळलेली पत्रं कोर्टात अडकलेली बघितलीत. आराखड्याचं पुनरीक्षण सुरू झालंय का तेही विचारा, झालं असेल तर प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर मुदतीत हरकत टाका. आणि पालिका नुसती गप्प बसली तर औरंगाबाद खंडपीठात रिट.

केळीबाग_रावेर

हे मला पटलं. पालिकेला जागा हवी असेल तर पैसे देऊन घ्यावी, नको असेल तर सोडावी. शाळेसाठी ठेवली म्हणता आणि चौदा वर्षं तिथे कुंपणसुद्धा नाही, मग अडवून कशाला ठेवायची.

सातपुड्याची_लेक

मंडळी, तीन आठवड्यांनी अपडेट देतेय. आज १२ डिसेंबर.

दाव्याची नोटीस २४ नोव्हेंबरलाच गेली, स्पीड पोस्टाने आणि आवक खिडकीवर हाताने, दोन्ही. वकीलसाहेब, तुम्ही सुचवलेले वकील चांगले निघाले.

माहिती अधिकाराचा अर्ज दिला होता, मुख्याधिकाऱ्यांनी तीस दिवस न थांबता पाहणीची तारीख दिली याबद्दल आभारच मानते. बाबा आणि मी दोघं गेलो. फाइल पातळ होती, चार कागद. टिपणीवर गट नंबर आमचाच, पण जोडलेला भाग नकाशा दुसऱ्या गटाचा! नाना, तुम्ही आकडासुद्धा जवळपास बरोबर सांगितला होता, अंक उलटे झालेले. बाबा बराच वेळ त्या नकाशावर बोट ठेवून उभे होते. मग मूळ शीट मागितली, कपाटातून काढून दिली. त्यावर शाळेचं आरक्षण इतकं ठळक आहे की लांबूनही दिसतं. बाबा एवढंच म्हणाले, "ही शीट त्या दिवशी काढली असती तर." तिथला नवीन मुलगा, पंचवीस-सव्वीसचा असेल, त्याने मान खाली घातली. तो म्हणाला काका मी आल्यापासून शीट बघूनच देतो. मला त्याच्यावर राग आला नाही.

फाइलमधल्या सगळ्या कागदांच्या प्रमाणित प्रती घेतल्या. विकणाऱ्याचा जुना अर्ज वगैरे काही निघालं नाही, म्हणजे त्याला खरंच माहीत नसावं, त्याच्यावर आम्ही काही करत नाही आहोत.

आरक्षणात एकूण सात प्लॉट निघाले. दोघांना तर माहितीच नव्हतं, एक बाई विधवा आहेत, त्या पुढच्या वर्षी बांधणार होत्या. सातही जणांना आमच्या ओट्यावर बोलावलं, बाबांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि काल सगळ्यांनी आपापली कलम १२७ ची खरेदी सूचना दिली, सातबारा, खरेदीखत, एनए आदेश, ले-आउटची प्रत जोडून. पुनरीक्षणाचं विचारलं तर अजून इरादा जाहीर झालेला नाही म्हणाले, तेही लेखी मागितलंय.

वकिलांनी दाव्याचा मसुदा तयार ठेवलाय. नोटिशीचा महिना २४ डिसेंबरला संपतो, ५ जानेवारीला दाखल करायचं ठरलंय म्हणजे मुदतीच्या तेरा दिवस आधी.

नाना, बाबांना तुमचा सायकलवाला प्रसंग मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय आणि घरी जेवायला बोलावलंय, भरीत-भाकरी करू.

नाना_तापीकाठ

येतो लेकी. एकच बघ, काल दिलेल्या सात सूचनांच्या पोचेवर तारखेचा शिक्का नीट उमटलाय का? चोवीस महिने त्या तारखेपासून मोजायचेत. आमच्या वेळी शाईचा पॅड सुकलेला असायचा आणि नुसता गोल उमटायचा.

सातपुड्याची_लेक

नाना, आत्ता काढून बघितल्या. पाच ठीक आहेत. दोनवर महिना दिसतोय पण दिवस नाही. सोमवारी सकाळी जाऊन त्या दोन्हींवर परत शिक्का मारून घेते आणि हाताने तारीख टाकून सहीपण घेते.